गोळ्या सुखरूप आहेत

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू कुत्र्याच्या मनासाठी डॉक्टर गाठलास आणि त्याला रोज सकाळी गोळी सुरू केलीस, हे मावशीकडून कळलं. अभिनंदन. माझा भाऊ जाऊन चौदा महिने झाले. तेवढ्यात तू इतकी प्रगती करशील असं वाटलं नव्हतं. पुढच्या खेपेला मांजराच्या स्वभावासाठी वकील दे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकारतं. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही. मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं रेक्टर म्हणून काढली ती याच एका नियमावर: तक्रार असेल तर लिहून द्या. तेव्हा ही माझी तक्रार, लेखी.

दर वर्षी माझ्याकडे चाळीसेक नव्या मुली यायच्या. पहिल्या दिवशी सगळ्या रडायच्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत पुढे उभं राहण्यावरून भांडायच्या. एकीलाही मी गोळी दिली नाही. रडणाऱ्याकडे लक्ष दिलं नाही की रडणं थांबतं, हे इतकं साधं आहे. पण साध्या गोष्टीला आजकाल डॉक्टर लागतो.

पंधरा दिवस पाठव त्याला माझ्याकडे. सरळ करून देते.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. माझ्या कुत्र्याची इतकी काळजी तुम्हाला असेल असं मलाही वाटलं नव्हतं. ह्यांच्या आजारपणात तुम्ही दोनदा आलात, तेव्हा त्याला 'हाड' याखेरीज दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता लेखीच सांगते, म्हणजे नाकारायला नको. मी सकाळी साडेनऊला चष्म्याच्या दुकानात जायला निघते. दिवसभर काचा घासते, सहाला परत येते. ह्यांच्या मागे साहेबाला घरी एकटं राहावं लागलं. (हो, साहेबच. 'जन्मभर साहेबांचं ऐकलं, आता एका साहेबाने माझं ऐकावं' म्हणून ह्यांनी हौसेने ठेवलेलं नाव आहे, नाक मुरडू नका.) मी जिना उतरेपर्यंत तो धापा टाकायला लागतो. मग ओरडतो, ते मी येईपर्यंत. दाराची चौकट त्याने खालून वीतभर खाल्ली आहे. डिसेंबरात मी घरी आले तर दारावर आतून रक्त होतं. दोन नखं मुळापासून तुटली होती आणि तो तरीही खरवडत होता. हा हट्ट नव्हे, ताई. हट्टी कुत्रा दुखलं की थांबतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: ही भीती इतकी मोठी आहे की नुसतं शिकवून जाणार नाही, कारण घाबरलेल्या डोक्यात काही शिरतच नाही. रोजची गोळी आधी भीती खाली आणते, मग शिकवणं सुरू. गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज द्यायची, एकही दिवस चुकवायची नाही आणि आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाही.

आणि घाई का, तेही सांगते. इमारतीच्या समितीचं पत्र आलं आहे. एकतीस मार्चपर्यंत आवाज बंद झाला नाही तर कुत्रा हलवायचा. कुठे हलवायचा? नऊ वर्षांचा, एवढा थोराड, दारं खाणारा कुत्रा कोणी घेत नाही. अशांचं शेवटी काय करतात ते मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले.

ह्यांच्या कपड्यांचं कपाट मी रिकामं केलं, सायकल देऊन टाकली. हा मात्र मी देणार नाही. त्यामुळे तुमच्या वसतिगृहात जागा राखून ठेवू नका.

तुमची,
वहिनी


२२ जानेवारी

प्रिय वहिनी,

कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडंच, असं म्हणतात. तू चार आठवड्यांत सरळ करणार आहेस, तेही नळीशिवाय. मी वाट बघते.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. हे पत्र लिहिण्याआधी मी दोनदा पेन खाली ठेवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण तुम्ही मनात म्हणण्याआधी मीच म्हणते. त्यात गाढव कोण ते ठरवायचं तुमच्यावर सोडते.

माझ्या पित्ताशयात खडे आहेत. सव्वीस तारखेला शस्त्रक्रिया ठरली. नंतर तीन आठवडे वजन उचलायचं नाही आणि पोटावर धक्का बसू द्यायचा नाही. साहेब मला बघून जी उडी मारतो तिने टाके काय, भिंतसुद्धा उसवेल. माझी बहीण माझ्याजवळ राहील, पण तिला कुत्र्यांची धास्ती आहे. तुमच्याशिवाय कोणी नाही.

वाईट याचं वाटतं की आत्ताच कुठे गुण येतोय. परवा मी बाहेर जाऊन जिन्यात घड्याळ धरून बसले. चाळीस मिनिटं! आतून एक आवाज नाही. दार उघडलं तर साहेब चटईवर पाय पसरून झोपलेला. मी तिथेच खाली बसून रडले. तर तो उठला आणि माझा कान चाटायला लागला.

काचांचा माल आणणारा गाडीवाला चोवीसला त्याला तुमच्याकडे सोडेल. सोबत गोळ्यांची बाटली. रोज सकाळी एक, उकडलेल्या बटाट्यात दडवून. त्याला एकटं सोडायचं झालं तर आधी एक मिनिट, मग दोन, असं वाढवत न्यायचं. आणि एक, त्याला खोलीत घालून कडी लावू नका. आमच्या घरात आतल्या दारांना कड्याच नाहीत. ह्यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पेचकस घेऊन सगळ्या काढल्या, न्हाणीघराचीसुद्धा. का, विचारलं तर म्हणाले, गंजतात. त्यामुळे साहेबाला बंद दार ठाऊक नाही, बाहेरचं सोडून.

उपकार होतील. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

तुमची,
वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

तुझी शस्त्रक्रिया नीट झाल्याचं तुझ्या बहिणीने कळवलं. आता पडून राहा, काचा कुठे पळून जात नाहीत.

साहेब दाखल झाले. नोंद केली आहे: चोवीस फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन, एक कुत्रा, एक चटई, एक बाटली. वही वसतिगृहाचीच आहे, मागची पानं कोरी होती. रोजची हजेरी मांडते. 'सकाळी सात: हजर. आठ: जेवण, पूर्ण. नऊ: आवाज, नाही. वर्तणूक: उत्तम.' खोटं सांगत नाही, माझ्या एकतीस वर्षांत पहिल्या आठवड्यात इतकी चांगली वर्तणूक एकाही मुलीची नव्हती. दुकानात जाऊन आले, अर्धा तास. साहेब खिडकीत बसलेले. परत आले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच उशीर झाल्यासारखं वाटलं.

हाच का तुझा रोगी? यालाच का समिती घाबरते? मला वाटतं याला फक्त नियम हवे होते. उठायची वेळ, जेवायची वेळ, लाड नाहीत. तू घाबरून निघायचीस म्हणून तो घाबरायचा.

गोळ्यांची काळजी करू नकोस. गोळ्या सुखरूप आहेत.

तुझी,
ताई


६ मार्च

ताई,

टाके ओढतात म्हणून थोडक्यात लिहिते.

गोळ्या सुखरूप आहेत म्हणजे? गोळ्या कुत्र्याच्या पोटात असायला हव्यात. बाटलीत सुखरूप असून काय उपयोग?

तुमच्या वहीत जेवण आहे, आवाज आहे, वर्तणूक आहे. 'गोळी: दिली' असा रकाना कुठे दिसला नाही. तुम्ही विसरला असाल असं म्हणावं, तर तुम्ही जन्मात रकाना विसरलेल्या नाहीत.

हो की नाही, एवढंच लिहा.

वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे. साहेब खाऊनपिऊन आहेत. खाण्यावर थोडा कमी भर आहे, पण वयोमानाने होतं.

जाता जाता दोन गोष्टी विचारते. सागवानी दाराचा खालचा अर्धा भाग बदलायचा झाला तर सुतार सबंध दार बदला म्हणतो, ते खरं का लबाडी? तुला अनुभव आहे म्हणून विचारलं. दुसरं, नख मुळापासून तुटलं तर पट्टी टिकत नाही, सारखी ओढून काढली जाते, त्यावर काय उपाय? माझ्या शेजारणीला माहिती हवी आहे.

प्रकृतीला जप.

ताई


१४ मार्च

ताई,

शेजारणीला पाय किती आहेत?

वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

चार.

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि 'इकडे सर्व ठीक' इथवर येऊन अडते. आज ते वाक्य वगळून सुरुवात करते.

गोळ्या मी दिल्या नाहीत. पंचवीस फेब्रुवारीपासून एकही नाही. बाटली माझ्या कपाटात, कुलपात होती. मुलींकडून जप्त केलेल्या वस्तू ठेवायची मला सवय आहे. तो गोळीविना दोन आठवडे शहाण्यासारखा राहिला आणि मी मनात तुला लिहायचं पत्रसुद्धा तयार केलं होतं. फार झोंबरं होतं ते. आता इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात की तो शहाणपणा माझ्या नियमांचा नव्हता, तुझ्या सात आठवड्यांच्या गोळ्यांचा होता. तो हळूहळू उतरत होता आणि मी वहीत 'उत्तम' लिहीत बसले होते.

शेवटच्या चार दिवसांत तो माझ्या पायापायांत येत होता. न्हाणीघरापर्यंत मागे यायचा. मी त्याची नोंद 'लाडीगोडी' अशी केली.

दहा तारखेला मला पेन्शनच्या कार्यालयात जायचं होतं. घरात नवा सोफा आहे म्हणून त्याला मागच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. तू लिहिलं होतंस, कडी लावू नका. मी वाचलं होतं. नाकाने कांदे सोलणारी बाई तू, असं म्हणून पुढे गेले होते.

अकराला गेले, दोनला आले. फाटकापाशीच ऐकू आलं. तोवर त्याचा भुंकायचा आवाजही गेला होता. नुसतं खरवडणं चालू होतं, दाराच्या अगदी खाली, जमिनीलगत. थोडं खरवडायचं, थांबायचं, पुन्हा खरवडायचं. माझा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. मला ती उघडता येईना. वहिनी, मी तो आवाज ओळखला.

आता जे लिहिते ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुझा नवरा सहा वर्षांचा होता, मी अकराची. आई सकाळी कामाला निघाली की तो दारात लोळण घ्यायचा, श्वास कोंडेपर्यंत रडायचा. शेजारी बोलायला लागले. वडील म्हणाले, लक्ष देऊ नका, मागच्या खोलीत घाला, आपोआप सुधारेल. त्यांना कामावर जायचं असायचं. कडी लावायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला आत घालून कडी लावायची आणि बाहेर अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसायची. उघडायचं नाही, अशी ताकीद होती. तो दाराच्या खालच्या फटीत बोटं घालून खरवडायचा आणि 'ताई, ताई' म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. सगळे म्हणाले, बघा, सुधारला. मला शाबासकी मिळाली. त्या शाबासकीवर मी एकतीस वर्षं वसतिगृह चालवलं. किती मुलींना मी तिसऱ्या दिवशी 'सुधारल्या' म्हणून वहीत लिहिलं असेल, देव जाणे.

तो सुधारला नव्हता गं. तो थकला होता. आणि मी दाराबाहेरच बसले आहे, तरीही उघडत नाही, हे त्याला कळलं होतं.

तुझ्या घरातल्या कड्या गंजत नव्हत्या, वहिनी. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. भेटायला आला की दिवाणखान्यातच झोपायचा, दार सताड उघडं टाकून. मी त्याला वर म्हणायची, चोर येतील.

साहेबाचं सांगते. पुढच्या पायाची तीन नखं गेली, एक दात हलतोय. आता बरा आहे. अकरा तारखेला डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू करून दिली, त्यांच्या हिशेबाने. पुन्हा चार ते सहा आठवडे म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, माझ्यामुळे का? त्या म्हणाल्या, हो. बाई स्पष्टवक्त्या आहेत, मला आवडल्या.

तुझ्या एकतीस मार्चचं मी वाटोळं केलं. तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी उत्तर देणार नाही.

ताई


२३ मार्च

ताई,

काय म्हणायचं याची मी यादी केली होती. दोन पानं. तुमचं पत्र आलं आणि ती पानं मी फाडली. दुसरं पान फाडताना जीव तुटला, फार छान जमलं होतं.

मी चिडले आहे. ते तसंच राहणार आहे, लगेच निवळेल अशी आशा ठेवू नका. पण तेवीस वर्षं मी ह्यांच्याशी दारावरून भांडले. वारा येतो, पाहुणे बघतात, लाज नाही का. ते हसायचे आणि दार उघडंच ठेवायचे. एकदा मी चिडून झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं, तर ते उठून जिन्यात जाऊन बसले. मी समजले, रुसले. त्यांना सांगता येईना आणि मला विचारता येईना. साहेबाची भीती खरवडण्यातून बाहेर दिसते, ह्यांची हसण्याआड आतच राहिली. औषध दोघांनाही लागत होतं, आणलं मी एकालाच.

तुम्ही अकरा वर्षांच्या होता. एवढंच म्हणते. पुढच्या हिशेबाला तुम्ही मोठ्या होता, तो वेगळा.

आता आजचं. समितीच्या सचिवांना भेटले. कुत्रा आजारी आहे, उपचार चालू आहेत, दोन महिने द्या म्हटलं. ते म्हणाले, उपचार चालू असताना तो ओरडणार की नाही? मला खोटं बोलता आलं नाही. दुकानात रजा संपली, सोमवारपासून हजर व्हायचं आहे. साहेब इथे आला की पहिल्याच दिवशी एकटा राहील, पहिल्याच दिवशी ओरडेल. आणि तुमच्या गावी कायमचा ठेवायचा, तर ते दार आणि ती खोली त्याच्या डोळ्यासमोर. मला काही सुचत नाही, ताई. खरंच सुचत नाही.

वहिनी


२७ मार्च

प्रिय वहिनी,

तुला सुचत नाही ते बरंच झालं. मला सुचलं आहे.

कुत्रा एकटा राहिला तर ओरडतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळीचा गुण येईपर्यंत त्याला एकटं सोडलंच नाही तर? त्या म्हणाल्या, तेच तर करायला हवं, पण इतका वेळ कोणाला असतो? मी म्हटलं, बाई, मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळेशिवाय काहीच नाही.

टपालाची वाट न बघता तुझ्या गाडीवाल्याच्या हाती मी तुमच्या सचिवांना पत्र दिलं. लेखी. आधी त्याच्याकडूनच समितीचे नियम मागवून वाचले. कुत्र्याने ओरडू नये असं त्यात आहे, नणंदेने राहू नये असं कुठे नाही. मे अखेरपर्यंत कुत्र्यापाशी मी स्वतः जातीने हजर राहीन, तरीही आवाज झाला तर जबाबदारी माझी, असं लिहून खाली सही आणि 'निवृत्त रेक्टर'. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मे अखेरपर्यंत मुदत, पण आवाज झाल्यास तक्रार आपल्या नावे नोंदवू.' मी त्याच गाडीवाल्याबरोबर उलट कळवलं, जरूर नोंदवा, रकाना नीट आखा.

तीसला सकाळी तुझा गाडीवाला आम्हा दोघांना आणतोय. पुढच्या सीटवर साहेब बसणार आहेत, मी मागे काचांच्या खोक्यांबरोबर. मला बाहेरच्या खोलीत झोपायला चालेल. तू खुशाल दुकानात जा. गुण दिसायला लागला की शिकवणं मी करीन, आधी एक मिनिट, मग दोन. जिन्यात घड्याळ धरून बसेन. बंद दाराबाहेर बसायचा अनुभव मला आहे. या वेळी दार उघडायचं माझ्या हातात आहे, एवढाच फरक.

सुतार येऊन गेला. दार सबंधच बदलावं लागलं. नव्या दाराला कडी कुठे बसवू म्हणाला. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, बाई, कडीशिवाय दार कसलं? त्याला मी सांगितलं, आमच्यात गंजतात.

नव्या वहीत पहिला रकाना गोळीचा आहे. कालपर्यंत सोळा खुणा झाल्या. साहेब सध्या माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपलेत, त्यामुळे मला उठता येत नाही आणि हे पत्र लांबत चाललंय. पायाला मुंग्या आल्या आहेत.

बरा व्हायला त्याला आणखी महिना लागेल, कदाचित दोन. लागू देत. तिसऱ्या दिवशी मी काही विचारणार नाही.

तुझी,
ताई